मारुतीचा धाकटा भाऊ

रविवारी नागपूरजवळच्या कोराडीला एका वडिलांनी आपल्या मुलाला गप्प बसवलं, आणि ते आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलं नाही. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. रामायण दालनात मारुतीच्या चित्रापुढून तो हलायलाच तयार नव्हता. "बाबा, भीम याचा भाऊ होय ना?" वडील म्हणाले, "भीम महाभारतातला. हे रामायण होय. चल, वरचा मजला राहिला आहे अजून." आणि पोराचं मनगट धरून निघाले.

दालन तुम्ही पाहिलं नसेल तर जरूर पाहा. महालक्ष्मी जगदंबेच्या देवळाजवळ भारतीय विद्या भवनाचं सांस्कृतिक केंद्र आहे, त्यात हे आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खाली रामकथेची चित्रं, वर स्वातंत्र्यलढ्याची.

त्या मुलाचं शंभर टक्के बरोबर होतं. मारुती वायूचा मुलगा आणि भीमही वायूचा. दोघं भाऊ, मध्ये एक अख्खं युग. दोघांच्याही अंगात अचाट बळ, आणि दोघांनीही ते दुसऱ्याच्या कामी लावलं. मारुतीने रामाच्या, भीमाने धर्मराजाच्या. असा धागा ज्या पोराला आपणहून सापडतो त्याला पुढे ओढून नेऊ नये हो. तिथेच थांबावं, त्याच्या शेजारी बसावं आणि विचारावं, "तुला कुठून कळलं रे?" माझी खात्री आहे, उत्तर आलं असतं : कॉमिक्समधून.

भाड्याच्या कॉमिक्सवर मी मागे लिहिलं, तेव्हापासून वाचकांचं "मुलांना कोणतं घेऊन देऊ?" हे विचारणं थांबलेलं नाही. आज उत्तर देतो, आणि ते या दोन भावांपुरतंच देतो. नायकांची पुस्तकं मुलांना आपोआप मिळतात. साथीदारांची मुद्दाम शोधून द्यावी लागतात. परदेशी कॉमिक्सवाल्यांना साथीदाराची किंमत लवकर कळली. बॅटमॅनच्या शेजारी १९४० मध्ये रॉबिन आला तो बॅटमॅनला बोलायला कुणीतरी हवं होतं म्हणून. आपल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये मॅन्ड्रेकच्या मागे लोथार उभा असायचा. हा लोथार आफ्रिकेतल्या सात राष्ट्रांचा राजपुत्र, तरी मला लहानपणी त्याच्याबद्दल जे जाणून घ्यायचं होतं ते मॅन्ड्रेकच्या गोष्टीत कधी पुरेसं मिळालं नाही. मारुती आणि भीम यांच्याबाबत ती उपासमार होत नाही. अमर चित्र कथेने दोघांनाही स्वतंत्र जागा दिली.

सुरुवात 'हनुमान'ने करा. बळ अंगात असून त्याची आठवणच नसलेला मारुती, आणि समुद्रकाठी त्याला ती करून देणारा म्हातारा जांबवान. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलाला हा प्रसंग वाचायला द्या आणि त्याचा चेहरा पाहा. मग भीम आणि हनुमान यांच्या भेटीचा वेगळा अंक आहे, तो घ्या. माझ्या मते बत्तीस पानांत याहून चांगली गोष्ट बसवणं कठीण आहे. वनवासात द्रौपदीला सौगंधिक फुलं हवी असतात. भीम गदा घेऊन केळीच्या बनातून झाडं मोडत निघतो. वाटेत एक म्हातारं वानर शेपूट पसरून पडलेलं. ते म्हणतं, मला उठवत नाही, शेपूट बाजूला सार आणि जा. भीम आधी डाव्या हाताने उचलायला जातो, सहज, केर सारल्यासारखं. हलत नाही. मग दोन्ही हात लावतो. भुवया चढतात, घाम फुटतो, शेपूट तिथल्या तिथे. तेव्हा कुठे तो हात जोडून विचारतो, आपण कोण?

पुढचं मला सगळ्यात आवडतं. थोरला धाकट्याला मिठी मारतो आणि वचन देतो : तू रणात गर्जना करशील तेव्हा माझी गर्जना तिच्यात मिसळेन, आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसेन. भावाची ताकद पाहून घ्यायची, त्याचा ताठा उतरवायचा आणि मग आयुष्यभर त्याच्या पाठीशी राहायचं. थोरल्या भावाचं याहून सुंदर चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिसरा 'घटोत्कच'. भीमाचा मुलगा. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती तो स्वतःच्या छातीवर घेतो. मुलं रडतात. रडू द्या.

आता चित्रांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. अनंत पै यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, आणि ते असायलाच हवं. १९६७ मध्ये अमर चित्र कथा त्यांनी उभी केली. पण मारुती कसा दिसतो, भीमाचे दंड केवढे, राक्षसाच्या मिशा कशा, हे आपल्या डोळ्यांत ज्यांनी भरलं त्या चित्रकारांची नावं किती घरांत माहीत आहेत? राम वाईरकरांनी 'कृष्ण' काढला आणि मालिकेचा तोंडवळा ठरवला. 'टिंकल'मधला सुपंदी १९८३ मध्ये पहिल्यांदा कागदावर उतरवला तोही त्यांनीच. शिकारी शंभूची टोपी डोळ्यांवर ओढली वसंत हळबे यांनी. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेत पुराणपुरुष रंगवले आणि मग तोच हात राज कॉमिक्सच्या नागराजकडे वळवला. नागपूरच्या बसस्टँडवर हिंदी नागराज विकत घेणाऱ्या आमच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही की हा माणूस मराठी आहे, आणि कालच्या पौराणिक अंकातला देवही त्याचाच असू शकतो. दिलीप कदम यांनी महाभारताच्या बेचाळीस अंकांच्या मालिकेची चित्रं काढली. बेचाळीस! हत्ती, रथ, ध्वज, हजारोंच्या सेना, आणि प्रत्येक चौकटीत भीम हा भीमच दिसला पाहिजे. गर्दीतला भीम मूल लांबून ओळखतं, ते या माणसाच्या रेषेमुळे.

शाळांच्या ग्रंथालयांत या अंकांना अजून कपाटाबाहेर जागा नाही, याचा मला राग येतो. चरित्रं समोरच्या फळीवर, कॉमिक्स 'फावल्या तासासाठी' कुलपात. रेषा वाचणं हेही वाचनच आहे. शेपूट न हलल्यावर भीमाचा बदललेला चेहरा जे मूल टिपतं, ते पुढे कादंबरीतलं न सांगितलेलंही टिपतं. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, ते कुलूप काढा. आणि अंक हातात देताना चित्रकाराचं नाव मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

पावसाळ्यात जमलं तर मुलांना चिखलदऱ्याला न्या. कीचकाला मारून भीमाने हात धुतले ते भीमकुंड तिथलं, असं तिकडचे लोक सांगतात. मारुतीसाठी रामटेक नागपूरहून जवळच आहे, आणि गडावर वानरं भरपूर. अंक मात्र आधी वाचून होऊ द्या. मग तिथे गेल्यावर तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही, मुलंच सांगतील.