कोर्टिसोलचा जप

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत हल्लीं ‘तणाव-व्यवस्थापना’वर व्याख्यानें करविण्याची चाल पडली आहे. व्याख्याता पडद्यावर मेंदूचें रंगीत चित्र दाखवितो, ‘कोर्टिसोल’ या शब्दाचा जप करितो आणि रात्रपाळी संपवून आलेल्या कामगारांस दीर्घ श्वसन व प्रसन्न विचार शिकवून मोकळा होतो. या जपामागील शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ब्रूस मॅक्यूएन (१९३८-२०२०) हे अग्रणी होत. त्यांचें संशोधन खरोखर काय सांगतें हें मात्र कोणी पाहत नाहीं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत मॅक्यूएन यांनीं अर्धशतकाहून अधिक काळ घालविला. १९६८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किरणोत्सर्गी खूण केलेला कोर्टिकोस्टेरॉन हा अंतःस्राव उंदरांस टोंचला. एरवीं तो मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून पाझरतो. तो मेंदूंत शिरून स्मृतीशीं निगडित अशा ‘हिप्पोकॅम्पस’ भागांत ठाण मांडून बसलेला आढळला. मेंदू धनी व ग्रंथी चाकर असेंच सामान्यतः मानलें जाई. चाकराचा शब्द धन्याच्या स्मृतीपर्यंत पोंचतो हें येथें दिसलें. पुढें असेंहि आढळलें कीं, दीर्घकाळ छळलेल्या उंदरांच्या त्या भागांतील मज्जापेशींच्या फांद्या आंखडतात. आणि (हें आमचे व्याख्याते क्वचितच सांगतात) छळ थांबविला म्हणजे त्या पुन्हां वाढूं लागतात. छळ थांबविला म्हणजे! उंदरास धीर दिला म्हणजे नव्हे.

१९९३ सालीं एलियट स्टेलर यांच्यासह मॅक्यूएन यांनीं ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ची कल्पना मांडली. परिस्थितीशीं जुळवून घेतां घेतां शरीराची जी झीज होते, तिचा हा सांचलेला बोजा. अपुरी झोंप, दारिद्र्य, उद्यांची अनिश्चितता यांनीं तो चढत जातो. ठेकेदाराकडील ज्या कामगाराची पाळी वरचेवर फिरते, पत्र्याच्या खोलींत ज्याचा दिवसा डोळा लागत नाहीं आणि ज्यास आपलें काम किती दिवस टिकेल हें ठाऊक नाहीं, त्याच्या मनोबलाची चिकित्सा कसली करितां?

श्वसनानें लाभ होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं जवळच लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाची प्रयोगशाळेंत परीक्षा आरंभिली, तिचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु प्राणायाम हा झोंपेचा मोबदला नव्हे, आणि तो तसा देऊं करणें ही प्राणायामाचीहि विटंबना आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे चिरंजीव व सुना याच कारखान्यांत अधिकारपदीं असतील. पुढच्या व्याख्यात्याच्या मानधनावर सही करण्यापूर्वीं त्यांनीं पाळ्यांचा तक्ता एकदां काढून पाहावा. एका पाळीनंतर दुसरीपर्यंत किती तास मिळतात, आणि त्यांतले किती जाण्यायेण्यांत सरतात?