संदेश पोचला, माणूस पोचला काय?

वसई तालुक्यातील एखाद्या गावात आज सार्वजनिक सभा ठरली, तर तिचे निमंत्रण देवळाच्या वा चर्चच्या फळ्यावर लागण्यापूर्वी मोबाइलवर पोचलेले असते. बावखलात भराव पडू लागला, कांदळवनावर कुऱ्हाड चालली, टेकडी पोखरणारे यंत्र रात्री गावात शिरले, की तासाभरात त्याचे छायाचित्र शेकडो हातांत जाते. निवेदनावर सह्या घेण्यासाठी दारोदार हिंडावे लागत नाही. वर्गणीसाठी झोळी फिरवावी लागत नाही. ती परस्पर खात्यात जमा होते. स्वयंसेवी संस्था, हक्क समित्या आणि लहानमोठ्या चळवळी यांच्या रोजच्या कामात हे साधन आता पुरते मुरले आहे. म्हणूनच एक प्रश्न स्पष्टपणे विचारण्याची वेळ आली आहे. या साधनामुळे चळवळीचे बळ किती वाढले आणि बळाचा भास किती वाढला?

साधनाचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. ज्या काळी जे साधन हाती आले, ते परिवर्तनाच्या चळवळींनी वापरलेच. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला होता. पुढे सेवा दलाच्या कलापथकांनी गाणी आणि लोकनाट्ये यांतून समतेचा विचार वाडीवस्तीवर नेला. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत वृत्तपत्रांचे तोंड बांधलेले असताना सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली पत्रके हातोहात फिरली. १९७२ मध्ये मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा घरातले लाटणे हेच प्रचाराचे प्रभावी साधन ठरले. या सर्वांत समान असलेली गोष्ट एकच. पत्रक देणाऱ्या हाताला घेणाऱ्याचा हात माहीत होता. साधन माणसांना एकमेकांजवळ आणीत होते, आणि जवळ आलेली माणसे पुढे निर्णयही मिळून घेत होती.

वसईला हा धडा बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९८८ च्या सुमारास हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामाला खुले करण्याचा निर्णय झाला आणि केळी, पानवेली व फुले पिकविणाऱ्या या बागायती भूमीवर इमारतींचे सावट आले. विहिरींचे पाणी टँकरने उपसून बांधकामांकडे नेले जाऊ लागले. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे एक नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाती त्या वेळी ‘सुवार्ता’ मासिक होते आणि व्यासपीठावर निर्भय वाणी होती. परंतु समितीची ताकद मासिकात नव्हती आणि एका वक्त्याच्या वाणीतही नव्हती. ती गावोगावच्या सभांत, मोर्चांत, उपोषणांत आणि धर्म व जात ओलांडून एकत्र आलेल्या शेतकऱ्यांत होती. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले, तेव्हा श्रद्धांजलीचे संदेश असंख्य फिरले. त्यांपैकी कितीजण पुढच्या ग्रामसभेला वा प्रभागसभेला जाऊन बसले, हा प्रश्न त्यांच्या स्मृतीशी अधिक इमान राखणारा आहे.

तथापि ते दिवस जसेच्या तसे परत आणावेत, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. कारण वसई बदलली आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. गावांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि तो प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षे अडकून पडला. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांवर होती. या लोकसंख्येतील मोठा भाग नालासोपारा आणि विरारच्या चाळींत व इमारतींत राहतो, पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. त्याला नळाचे पाणी हवे, गाडीत उभे राहण्यापुरती जागा हवी, पावसाळ्यात घरात पाणी शिरू नये अशी त्याची रास्त अपेक्षा आहे. संध्याकाळी सहाच्या सभेला तो येऊ शकत नाही. त्याच्याशी बोलण्याची जागा गाडीतला तास-दीड तास आणि त्याच्या हातातील मोबाइल हीच आहे. जुन्या गावकऱ्याच्या आणि नव्या रहिवाशाच्या मधली भिंत या साधनाने पाडता आली, तर ते मोठेच काम होईल. गावाचे बावखल बुजले की शहराच्या चाळीत पाणी शिरते, ही साधी गोष्ट दोघांनाही एकाच वेळी सांगता येते. हे साधन वापरावयाचे ते यासाठी.

त्याची ताकद आणि मर्यादा यांचा उत्तम दाखला २०२० साली देशाने पाहिला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा पुढे केला. टाळेबंदीमुळे सभा, मोर्चे, सह्यांची मोहीम सारेच अशक्य होते. तरुणांच्या गटांनी मसुद्याचा अर्थ सोप्या भाषेत समजावून दिला, हरकतींचे नमुने तयार केले आणि मंत्रालयाकडे सुमारे १७ लाख हरकती व सूचना गेल्या. जुलैमध्ये अशा तीन गटांची संकेतस्थळे बंद करण्यात आली. त्यांपैकी एका गटाला दिल्ली पोलिसांनी पाठविलेल्या नोटिशीत दहशतवादविरोधी कायद्याचे कलम होते. ते चुकून लागले, असे सांगून पुढे ती नोटीस मागे घ्यावी लागली. मंत्र्याला पत्र लिहिणे हा गुन्हा वाटावा, इतके भय या साधनाने सत्तेच्या मनात उत्पन्न केले, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत होता. ज्यांच्या शेतावरून रस्ता जाणार, ज्यांच्या खाडीत भराव पडणार, त्यांच्या भाषेत तो नव्हताच. एका नागरिकाच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मुदत वाढविली आणि आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत मसुदा उपलब्ध करण्यास सांगितले. म्हणजे लक्षावधी पत्रांच्या जोडीला एक नेटका कायदेशीर अर्जही लागला. पुढे तो मसुदा अंतिम झाला नाही. मात्र नियम सैल करण्याचे काम स्वतंत्र आदेशांनी तुकड्यातुकड्याने होत राहिले. मोठ्या मसुद्याविरुद्ध लाखो बोटे उठली, लहान आदेशाविरुद्ध ती उठली नाहीत. ते आदेश रोज वाचणारा, त्यांचा अर्थ गावाला सांगणारा आणि कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारा कार्यकर्ता ही जागरूकतेची खरी यंत्रणा आहे. एका दिवसाच्या लाटेने तिची जागा घेता येत नाही.

संख्येच्या मोहाचा अनुभव त्याआधीही आला होता. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात एका क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की पाठिंबा नोंदविला जाई. २०१४ च्या नोव्हेंबरपासून भारतीय जनता पक्षाने सदस्यनोंदणीच त्या मार्गाने चालविली. पाठिंबा इतका स्वस्त झाला, की त्यातून कर्तव्य उरले नाही आणि अधिकारही उरला नाही. चार आणे वर्गणी भरणारा सभासद वार्षिक सभेत उठून हिशेब विचारू शकत असे. मिस्ड कॉल देणाऱ्याला कोणत्या सभेत उभे राहण्याचा हक्क मिळाला? वरून संदेश यावा, खालून अंगठा उमटावा, एवढाच संबंध उरला, तर परिवर्तनाची चळवळ आणि साबणाची जाहिरात यांत फरक तो काय?

याच्या उलट उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू केली. २०१९ पर्यंत ती ७६ तालुक्यांत गेली. चित्रफिती, मोबाइल, दूरदर्शन या सर्वांचा तिने वापर केला. परंतु त्याआधी गावाने निवडलेल्या माणसांचे निवासी प्रशिक्षण झाले आणि नंतर शिवारात फावडे पडले. अडविलेले पाणी कोणाच्या विहिरीत गेले आणि भूमिहीनाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न समाजवाद्यांनी तेथेही विचारलाच पाहिजे. मात्र कामाचा क्रम योग्य होता. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईस चालत आलेल्या शेतकरी-आदिवासींच्या फुटलेल्या तळव्यांची छायाचित्रे घरोघर पोचली आणि शहर हेलावले. तेथेही पाय आधी चालले होते, छायाचित्र मागाहून आले.

या साधनाची एक काळी बाजू पालघर जिल्ह्याने रक्ताने अनुभवली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तशाच अफवांनी भयभीत झालेल्या जमावाच्या हातून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. आणि त्या प्रेतांवरही धर्मद्वेषाचे पीक काढण्याचा उद्योग त्याच मोबाइलवरून झाला. जे यंत्र बावखलाचे छायाचित्र पोचविते, तेच हा विखारही पोचविते. म्हणून सामाजिक संस्थांवर दुप्पट जबाबदारी येते. खातरजमा न केलेला संदेश पुढे न ढकलणे ही आता शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही. तो कार्यकर्त्याच्या शिस्तीचा भाग झाला पाहिजे.

मग या वर्तुळाबाहेर कोण राहते, तेही पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३ होत्या, तर पुरुष ५७. वसईच्या पूर्वपट्टीतील पाड्यावर राहणारी आदिवासी मजूर स्त्री, पाचूबंदरची मासळी विकणारी, वीटभट्टीवर हंगामापुरते आलेले कुटुंब यांच्या हाती यंत्र नसते. असले तर ते घरातल्या पुरुषाच्या खिशात असते. हरकत केवळ ऑनलाइन घेतली जाणार असेल, तर या साऱ्यांची हरकतच नाही, असे सरकारदरबारी धरले जाईल. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनी याबाबत शहाणपणा दाखविला आहे. उपग्रहाची छायाचित्रे आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक ठरावेत, त्यांची जागा घेऊ नयेत, असे ते सांगतात. म्हाताऱ्या माणसाची साक्ष आणि ग्रामसभेचा ठराव यांना ते बाद करीत नाहीत. प्रत्येक संस्थेने हा नियम आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आणखी एक प्रश्न मालकीचा आहे. संस्थेची सभासदयादी पूर्वी तिच्या कपाटात असे. आज तीच यादी, तिच्यातील माणसांची ओळख, त्यांची मते, त्यांचा परस्परसंबंध हे सारे परदेशी भांडवली कंपन्यांच्या यंत्रांत साठते. कोणता संदेश कोणाला दिसावा, हे त्या कंपन्या आपल्या नफ्याच्या गणिताने ठरवितात. कोणते संकेतस्थळ बंद व्हावे, हे सरकार ठरविते. उत्पादनाची साधने ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, हे समाजवादी कार्यकर्त्याला शिकवावे लागत नाही. तेच सूत्र विचाराच्या दळणवळणालाही लागू पडते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण कायद्याची वाट न पाहता संस्थांनी स्वतःवर बंधन घालून घेतले पाहिजे. पाठीराख्याचा क्रमांक त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कामाला, विशेषतः निवडणुकीच्या कामाला, वापरता कामा नये. यादीची कागदी प्रत स्वतःजवळ असली पाहिजे. ऑनलाइन आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब दरमहा जाहीर झाला पाहिजे.

करावयाचे काम अवघड नाही. ते चिकाटीचे आहे. गावातील प्रत्येक बावखल, विहीर आणि नैसर्गिक नाला यांची सातबारावरील क्रमांकासह नोंद करावी. तरुणांनी मोबाइलवर तिचा नकाशा करावा आणि वडीलधाऱ्यांनी पाणी कोठून कोठे वाहत होते, ते सांगावे. सरकारी मसुदा आला की त्याचा अर्थ मराठीत, शक्य तेथे कादोडीत आणि वाडवळीत, आवाजाच्या संदेशाने पोचवावा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो ऐकता येतो. ऑनलाइन हरकत घेतली, तरी तिची कागदी प्रत कार्यालयात देऊन पोचपावती घ्यावी. माहिती अधिकारात मिळालेले उत्तर सर्वांना वाचायला ठेवावे. आणि ज्याने ज्याने अंगठा उमटविला, त्याच्याकडे महिन्याभरात कोणी तरी प्रत्यक्ष जाऊन बसावे. शंभरांतील दहा माणसे सभेला आली, तरी ते दहाजण पुढच्या वर्षीही असतील.

जुलै २०१८ च्या महापुरात वसई पाण्याखाली गेली, अनेक भागांतील वीज गेली, मोबाइल एकामागून एक बंद पडले. मिठागरांच्या वस्तीवर माणसे अडकून पडली होती. अशा रात्री कोणाचे दार ठोठवावयाचे, कोणाच्या घरी आजारी म्हातारी आहे, कोणाची होडी मागावयाची, हे ज्याला तोंडपाठ असते, तोच गावाच्या उपयोगी पडतो. यंत्र चालू असताना ही ओळख वाढवीत नेणे आणि यंत्र बंद पडले तरी ती टिकविणे, हे संघटनेचे काम आहे. संदेश क्षणात पोचतो. त्याच्या मागोमाग कार्यकर्ता पोचला, तरच तो चळवळीच्या उपयोगी येतो.