गोळी, कोयता आणि कायदा

अपघात विभागात मारामारीतला जखमी आला की दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे रक्त थांबवायचं आणि दुसरीकडे पोलिसांसाठी एमएलसीची नोंद करायची. त्या नोंदीत ‘हत्यार’ असा एक रकाना असतो. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्या रकान्यात काठी, दगड, फुटकी बाटली, चाकू, कुऱ्हाड आणि अलीकडे कोयता किती वेळा लिहिला याची गणती नाही. ‘पिस्तूल’ मात्र हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा लिहिलं. त्या सगळ्या वेळा मला आठवतात, कारण त्यातले निम्मे रुग्ण ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचलेच नाहीत.

कोयत्याची जखम बघायला भयंकर असते. कवटीचं हाड दिसतं, मनगटाच्या शिरा तुटलेल्या असतात, नातेवाईक चक्कर येऊन पडतात. पण हल्ला अडवायला माणूस हात वर करतो, मागे सरकतो, पळतो. जखमा बहुतेक हातावर आणि डोक्यावर होतात. रक्त चढवून, टाके घालून, हाडं आणि शिरा जोडून यातली बरीच माणसं आठ-पंधरा दिवसांनी चालत घरी जातात. गोळीचं उलटं. छातीवर बोटाच्या टोकाएवढं भोक, बाहेर फारसं रक्त नाही, आणि आत यकृत, आतडी, मोठी रक्तवाहिनी यांच्यातून एक बोगदा गेलेला. साध्या पिस्तुलाची गोळी सेकंदाला तीन-चारशे मीटर वेगानं शिरते. रायफलीच्या गोळीचा वेग त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि वेग दुप्पट झाला की तिची ऊर्जा चौपट होते. ती गोळी वाटेतल्या भागालाच नव्हे, तर आजूबाजूच्या मांसालाही हादरा देऊन फाडते. अशा वेळी सर्जन शिवणार तरी काय?

हे सगळं आठवायचं कारण ह्यूस्टनहून आलेला एका वर्गमित्राचा फोन. तो भूलतज्ज्ञ आहे, गोळी लागलेल्यांना भूल देणं हे त्याचं नेहमीचं काम. त्याची धाकटी मुलगी शाळेतल्या ‘लॉकडाऊन ड्रिल’हून आली होती. वर्गाचे दिवे बंद करायचे, दार लावायचं, कोपऱ्यात गप्प बसायचं. ती रात्री जेवलीच नाही म्हणाला. मग विषय निघाला. “इथं एक जण सांगतो कायदे कडक केले की हिंसक गुन्हे कमी होतात, दुसरा सांगतो काडीचा फरक पडत नाही. दोघांकडेही आकडे आहेत. तू पेपरात लिहितोस ना, मग तूच सांग खरं काय ते.”

फोनवर मी बरंच काही बोललो, पण ते नीट जुळत नव्हतं. म्हणून इथं सावकाश लिहितो.

माझ्या मते घोळ ‘गुन्हे’ या शब्दात आहे. भांडण, दरोडा, हाणामारी, खून या सगळ्यांना एका गाठोड्यात बांधून कायद्याने ते हलकं झालं का असं विचारलं की उत्तर धूसर येतं. फ्रँकलिन झिमरिंग या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९६८ मध्ये शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासून निराळा प्रश्न विचारला: हल्ला झाल्यावर माणूस मरतो किती वेळा? चाकूचे हल्ले आणि बंदुकीचे हल्ले साधारण सारख्याच प्रसंगांतून होत होते. ओळखीतली भांडणं, दारू, अपमान, रागाचा झटका. पण बंदुकीच्या हल्ल्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे पाचपट होतं. पुढे १९९७ मध्ये झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स यांनी न्यूयॉर्क आणि लंडन यांची तुलना केली. लंडनमध्ये घरफोड्या न्यूयॉर्कपेक्षा जास्तच होत्या, पण चोरी-दरोड्यात जीव जाण्याचं प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कित्येक पटींनी अधिक होतं. चोर दोन्हीकडे होते, त्यांच्या खिशात काय होतं एवढाच फरक.

हल्ली तर बंदुकीचा आकारही मोजला गेलाय. अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी बॉस्टनमधल्या गोळीबारांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. लहान तोंडाच्या पिस्तुलापेक्षा मोठ्या तोंडाच्या पिस्तुलाने गोळी झाडली असेल, तर मरण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. सगळी हत्यारं लहान तोंडाची असती, तर त्या शहरातले गोळीबाराचे खून जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले असते असा त्यांचा हिशेब आहे. खरोखर मारायचंच ठरवलेला माणूस कशानेही मारतो, या समजुतीला हा अभ्यास चांगलाच धक्का देतो.

आता कायद्याकडे येऊ. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते, पक्षही परंपरावादी. तरी बाराव्या दिवशी सर्व राज्यांनी करार केला: झटपट गोळ्या झाडणाऱ्या रायफली आणि बंदुकांवर बंदी, प्रत्येक बंदुकीची नोंद, परवान्यासाठी सबळ कारण. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. आमच्या क्षेत्रातल्यांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे हा पैसा आरोग्यासाठीच्या मेडिकेअर करातून उभा केला. तो कर एका वर्षापुरता दीड टक्क्यावरून १.७ टक्के केला. लोकांनी फारशी कुरकूर न करता भरला.

परिणाम? आधीच्या १८ वर्षांत पाच किंवा अधिक बळी घेणारे १३ गोळीबार झाले होते. पुढची २२ वर्षं तसा एकही झाला नाही. एकूण बंदूक-मृत्यूही आधीपेक्षा जास्त वेगाने उतरले. पण सायमन चॅपमन यांनी २०१६ मध्ये आकडे मांडताना एक गोष्ट लपवली नाही, आणि ते स्वतः बंदूक-नियंत्रणाचे जुने पुरस्कर्ते. बंदुकीशिवायचे खून आणि आत्महत्याही त्याच काळात घटल्या होत्या, त्यामुळे घट कायद्यामुळेच झाली असं ठामपणे म्हणता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. दुसरीकडे अँड्र्यू ली आणि क्रिस्टीन नील यांना दिसलं की ज्या राज्यांत जास्त बंदुका परत घेतल्या गेल्या, तिथे बंदुकीने होणारे मृत्यू जास्त घटले. औषधाची मात्रा वाढवली की गुण वाढतो, तशी ही खूण. मला ती पटते. आणि तटबंदी अभेद्य नव्हती हेही खरं. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बॉन्डी किनाऱ्यावर ज्यूंच्या सणाच्या कार्यक्रमात बाप-लेकांनी १५ जणांना मारलं. बापाकडे बंदुकांचा रीतसर परवाना होता.

ब्रिटनचा अनुभव आणखी अडचणीचा. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. १९९७ मध्ये खासगी पिस्तुलांवर बंदी आली, आणि त्यानंतरची काही वर्षं इंग्लंडमध्ये पिस्तुलाच्या गुन्ह्यांची नोंद वाढतच गेली. ती पिस्तुलं बाहेरून चोरून येत होती, क्लबातल्या नेमबाजांकडून नव्हे. नियंत्रणाचे विरोधक हा दाखला देतात आणि तो खोटा नाही. मात्र तिथे खुनाचं सर्वांत मोठं साधन आजही चाकूच आहे, आणि डनब्लेनसारखा प्रसंग तिथल्या शाळेत पुन्हा घडलेला नाही.

अमेरिकेत कायदा राज्यागणिक बदलतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल घेण्याआधी पोलिसांकडून परवाना, पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण सक्तीचं केलं. पहिल्या दहा वर्षांत गोळीने होणारे खून अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले असा अंदाज निघाला. पुढे जास्त वर्षांचे आकडे घेतल्यावर तो २८ टक्क्यांवर आला. मिझुरीने उलट केलं. २००७ मध्ये परवान्याची अट काढून टाकली, आणि गोळीबाराचे खून जवळपास पावपट वाढल्याचं दिसलं. कॅलिफोर्नियात मात्र १९९१ पासून प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची झाली, पण परवाना नव्हता. दहा वर्षांत मृत्यूंवर काही परिणाम सापडला नाही. म्हणजे दुकानदाराने फॉर्म भरून घेणं वेगळं, आणि पोलीस ठाण्यात जाऊन बोटांचे ठसे देऊन परवाना घेणं वेगळं. दुसऱ्यासाठी बंदूक घेणारा हौशी दलाल ठाण्याची पायरी चढायला कचरतो. ‘गुन्हेगार कुठं कायदा पाळतो’ हा आक्षेप इथं तुटतो, कारण अमेरिकेतली जवळजवळ प्रत्येक चोरटी बंदूक आधी कुणीतरी कायदेशीरपणे विकत घेतलेली असते.

घरातल्या बंदुकीबद्दल दोन शब्द. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने २००३ मध्ये दाखवलं की मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक असेल, तर त्या बाईचा खून होण्याचा धोका पाचपट होतो. आणि अमेरिकेत २०२१ मध्ये गोळीने मेलेल्या ४८,८३० लोकांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तो गुन्हा नव्हे, म्हणून या वादात कुणी ते मृत्यू धरत नाही. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये आठवडाअखेरीच्या सुट्टीत घरी जाताना जवानांनी रायफल तळावर ठेवून जावं एवढाच नियम केला आणि जवानांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली, तेव्हा असंच झालं. विष प्यालेल्यांच्या उशाशी रात्री काढलेल्या कुठल्याही सरकारी डॉक्टरला याचं आश्चर्य वाटणार नाही. तो क्षण टळला की माणूस बहुतेकदा वाचतो.

अर्थात कायदाच सगळं ठरवतो असंही नाही. २०२० मध्ये अमेरिकेत खून एका वर्षात सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि २०२३-२४ मध्ये झपाट्याने उतरले. त्या दोन्ही हालचालींचं श्रेय किंवा दोष कुठल्याही बंदूक-कायद्याला देता येत नाही. साथ, बंद शाळा, पोलिसांवरचा अविश्वास, रिकामे हात, अशी बरीच कारणं त्यात गुंतलेली आहेत.

मित्राने विचारलं होतं, “मग आपल्याकडे काय?” भारतात १९५९ चा शस्त्र कायदा कडक आहे. २०१९ मध्ये एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं आणि वरातीत हवेत गोळ्या झाडणं हाही गुन्हा झाला. पण आपल्याकडे गोळीने होणाऱ्या खुनांत परवान्याची बंदूक क्वचितच सापडते. तिथे गावठी कट्टा असतो. मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येणारी गावठी पिस्तुलं पकडल्याची बातमी जळगाव-धुळ्याच्या वाचकाला नवी नाही. जी बंदूक कधी दुकानातून विकलीच गेली नाही, तिला कनेक्टिकटचा परवाना काय करणार? तिथला उपाय इथं जसाच्या तसा चालणार नाही. इथं कारखाना आणि वाहतूक पकडावी लागेल. तरी एक श्रेय जुन्या कायद्याला द्यायलाच हवं: पुण्यातल्या ज्या पोरांच्या हातात कोयता दिसतो, त्यांच्या हातात स्वस्त आणि सहज मिळणारं पिस्तूल असतं तर आमचे वॉर्ड रिकामे राहिले असते आणि शवागार भरलं असतं.

अमेरिकेत १९९३ मध्ये आर्थर केलरमन यांनी घरात बंदूक असणाऱ्यांना खुनाचा धोका जवळपास तिप्पट असतो असं दाखवलं, आणि तिथली बंदूक-लॉबी चिडली. १९९६ मध्ये काँग्रेसने ‘डिकी दुरुस्ती’ करून रोगनियंत्रण केंद्राच्या अशा संशोधनाचे पाय बांधले. पुढची वीसेक वर्षं हे काम जवळपास थांबलं. पैसा पुन्हा सुरू झाला २०२० मध्ये. दुरुस्तीला ज्यांचं नाव आहे त्या जे डिकींनीच नंतर संशोधन व्हायला हवं होतं अशी कबुली दिली होती.

आपल्याकडे असं संशोधन कुणी बंद पाडलेलं नाही. वेल्समधल्या कार्डिफला जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या सर्जनच्या लक्षात आलं की आपण शिवतो त्यातल्या बऱ्याच जखमींची पोलिसांना खबरच नसते. त्यांनी अपघात विभागातल्या कारकुनाला तीनच प्रश्न विचारायला लावले: कुठे, केव्हा, कशाने. नावं गाळून ती माहिती दर महिन्याला पोलिसांकडे आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. २०११ च्या पाहणीत तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारामारीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी भरलं.

आमच्याकडे ही माहिती आधीच लिहिलेली असते. एमएलसीचं रजिस्टर भरलं की ते रेकॉर्ड रूममध्ये जातं आणि कोर्टाचं समन्स आलं तरच बाहेर निघतं. काही वर्षांपूर्वी मी ही माहिती दर महिन्याला काढण्याचा प्रस्ताव दिला होता. तो कागद तीन टेबलं फिरून ‘मनुष्यबळ उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत आला. सध्या एक इंटर्न आणि मी, ड्यूटी संपल्यावर, गेल्या पाच वर्षांच्या रजिस्टरांतून ठिकाण आणि हत्यार हे दोनच रकाने वहीत उतरवतोय. तिसऱ्या रजिस्टरपर्यंत पोचलोय. पहिल्या दोन रजिस्टरांत बऱ्याच पानांवर हत्याराचा रकाना कोरा आहे. त्यातली काही पानं माझ्याच अक्षरातली आहेत.