पूर्ण नाव सांगा

दहा वर्षांपूर्वी हिंजवडीत नोकरी लागली आणि लग्नानंतर आम्ही भाड्याचा फ्लॅट शोधू लागलो. एजंट फोनवर आधी पगार विचारायचा, मग कंपनी, आणि शेवटी म्हणायचा, "पूर्ण नाव सांगा." माझं मराठी बार्शीचं, त्यामुळे तोवर सगळं सुरळीत चालायचं. नाव सांगितलं की फ्लॅट नेमका कालच गेलेला असायचा. एका मालकाने निदान खरं सांगितलं, "माझं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही."

शेवटी कोंढव्यात घर मिळालं. पहिल्याच रात्री हायसं वाटलं. अम्मी गावाहून आली, आठवड्यात तिला चार मैत्रिणी मिळाल्या. अशा वस्त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी त्या का वाढल्या हेही पाहावं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती काही हौसेनं गेली नव्हती. आपल्या माणसांत राहण्यात गैर काही नाही. गैर आहे ते दुसरा पर्यायच न उरणं.

त्याची किंमत मला उशिरा कळली. मुलीने पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, "अब्बा, दिवाळीचा किल्ला म्हणजे काय?" बार्शीत शेजारच्या पोरांबरोबर माती कालवून मी दरवर्षी किल्ला केला होता. माझ्या मुलीसाठी तो पुस्तकातला धडा झाला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना आपली ईदही तशीच पुस्तकातून कळत असणार.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मिश्र वस्तीत फ्लॅट घेतला. कायदा काय म्हणतो, ते आधी वाचून घेतलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध मानला. म्हणजे कायदा पाठीशी आहे, पण अर्धाच. भाडेकरूला फोनवर 'फ्लॅट गेला' म्हणणाऱ्याला तर तो गाठतही नाही.

नव्या सोसायटीत कुणी काही वाईट बोललं नाही. फारसं कुणी बोललंच नाही. लिफ्टमध्ये सगळे मजल्यांचे आकडे बघत उभे. मग उन्हाळा आला, टँकर सुरू झाले आणि बिलांचा मेळ बसेना. मी एक्सेलमध्ये रोजच्या टँकरचा हिशेब मांडला, तर बिलात जास्तीचे टँकर निघाले. पुढच्या सर्वसाधारण सभेत मला खजिनदार केलं.

एका रात्री अकरा वाजता बेल वाजली. अम्मी दचकली. म्हणाली, "उघडू नकोस." दारात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका, हातात रिकामी बादली. "अहो खजिनदार, टँकर कुठाय?" अम्मी इतकी हसली की काकाही हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला ते घर आपलं वाटलं. काकांना माझा राग आला होता आणि त्यात माझ्या नावाचा काही संबंध नव्हता!

दोस्तांनो, घर मिळवणं कठीण आहे, हे मी जगलोय. पण मिळालं की दार लावून बसू नका. सभेला जा, हिशेब मागा, जबाबदारी घ्या. ज्या जागेचं भलंबुरं आपल्यालाही ठरवता येतं, तीच आपली होते.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. आपल्यातले अनेकजण आता स्वतःचे फ्लॅट भाड्याने देतात. समोर दलित कुटुंब आलं, एकटी राहणारी मुलगी आली, तर आपण काय विचारतो? मागच्या महिन्यात आमचा कोंढव्यातला एक नातेवाईक भाडेकरूशी बोलत होता. पगार विचारला, कंपनी विचारली, आणि मग सवयीने म्हणाला, "पूर्ण नाव सांगा."

ते वाक्य मी ओळखलं. तुम्हीही ओळखाल. आपल्या तोंडी ते यायला नको.