चित्रकलेच्या पाठाला वेळ, प्रशिक्षण आणि माणूस द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, नाशिक

महोदय,

द्वारका, काठे गल्ली आणि भद्रकाली भागातल्या शाळांत चित्रकला शिकवणारे आम्ही शिक्षक आहोत. आमच्यात एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेले कलाशिक्षक आहेत, तसेच गणित-भाषेसोबत चित्रकलाही वाट्याला आलेले वर्गशिक्षक आहेत.

फळ्यावर मोर काढून तो सगळ्या वह्यांत उतरवून घेणे, याला आम्ही पाठ मानत नाही. मुलांनी आज काय नीट पाहायचे, हाताला कोणते नवे काम द्यायचे, ज्याला जमत नाही त्याला दुसरे काय द्यायचे, हे आधी ठरवून टाचणात यावे लागते. सहावीला गोदाघाट काढायला शिकवायचा, तर पहिल्या तासाला नुसत्या पायऱ्या आणि त्यांच्या सावल्या. पाणी पुढच्या आठवड्यात. मग नाशिकच्याच शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रे दाखवली, की काय पाहायचे ते मुलांना कळते. एवढा विचार करायला सवड लागते आणि तो करायला कुणीतरी शिकवावेही लागते.

असा पाठ वर्गात घ्यायलाही वेळ हवा, म्हणून आमची सर्वांत आग्रहाची मागणी जोडतासिकेची, म्हणजे सलग दोन तासिकांची आहे. ३५ मिनिटांत पाणी आणायचे, रंग काढायचे, पुन्हा आवरायचे. रंगाचा पहिला हात वाळण्याआधीच घंटा होते. त्यामुळे जलरंग मागे पडतो आणि मुले वर्षभर खडूच घासतात. दोन तासिका सलग करायला नवे पद लागत नाही की अनुदान लागत नाही. फक्त वेळापत्रक बदलावे लागते.

प्रशिक्षण व्हावे, पण सभागृहातले भाषण नको. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत एखाद्या शाळेत खऱ्या वर्गावर पाठ घ्यावा, बाकीच्यांनी मागे बसून पाहावा आणि नंतर टाचण समोर ठेवून चर्चा व्हावी. यात वर्गशिक्षकांना आधी संधी मिळावी. त्यांना चित्रकलेचा पाठ कसा आखायचा हे बहुधा कुणी दाखवलेलेच नसते.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या श्रेणीमुळे दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून नियमित तासही वस्तुचित्र-स्मरणचित्राच्या सरावात जातात. परीक्षेला आमचा विरोध नाही. तिच्या तयारीला वेगळी, अधिकृत वेळ द्यावी.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. तो प्रत्येक पात्र शाळेला मिळावा.

जोडतासिकेचा निर्णय जूनपूर्वी, वेळापत्रके पक्की होण्याआधी कळवावा. सहावी ते आठवीची नमुना टाचणे तयार करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
द्वारका परिसरातील कलाशिक्षक व वर्गशिक्षक