गालबोट आणि लेसरचा किरण

तान्ह्या मुलास न्हाऊं-माखूं घालून झालें म्हणजे आई त्याच्या गालावर काजळाचें एक काळें बोट लाविते. गोजिऱ्या मुखास दृष्ट लागूं नये, हा तिचा हेतु. पुढें तेंच मूल चौदा-पंधरा वर्षांचें झालें आणि त्याच गालावर निसर्गानें आपण होऊन एखादा ठिपका उमटविला, तर मात्र तीच माउली चिंतेनें व्याकूळ होते. हा विरोध पाहून आपणांस हंसूं येईल. परंतु ज्याच्या मुखावर तो ठिपका असतो त्यास हंसूं येत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस पुरतें ठाऊक आहे.

आमच्या वर्गांत एक हुषार विद्यार्थिनी होती. तिच्या नाकाच्या बाजूस मसुराच्या दाण्याएवढा मस होता. धडा वाचावयास उभी राहिली कीं तिचा डावा हात आपोआप गालाकडे जाई. मागच्या बांकांवरून एक टोपणनांव हलक्या आवाजांत उच्चारलें जात असे. तें आमच्या कानीं फार उशिरां आलें, हा आमचाच दोष. दिवाळीच्या सुट्टींत कोणा शेजारणीच्या सल्ल्यावरून घरींच चुना व धुण्याचा सोडा यांचा लेप त्या मसावर देण्यांत आला. मस गेला, परंतु त्याच्या जागीं वाटाण्याएवढा काळपट व्रण राहिला. मुलीचा हात अद्यापि गालावरच आहे.

तेव्हांपासून कित्येक पालक आम्हांस विचारितात कीं, असले मस लेसरनें काढून घ्यावे काय? आम्ही वैद्य नव्हों. तथापि वाचून व जाणत्यांस विचारून जें समजलें, त्यावरून बनलेलें आमचें मत येथें मांडितों.

लेसर म्हणजे कांहीं जादू नव्हे. ज्या तत्त्वावर तो चालतो तें आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं मांडिलें, आणि १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर प्रत्यक्ष निर्माण केला. थोड्याच वर्षांत सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनीं तो त्वचेवर वापरून पाहिला. आज मस काढण्याकरितां पुष्कळ ठिकाणीं जो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरतात, त्याचा शोध मात्र १९६४ सालीं कुमार पटेल यांनीं लाविला. यांचा जन्म बारामतीचा, आणि यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत झालें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. या लेसरचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. त्वचेंतील पाणी तो शोषून घेतें, क्षणार्धांत तापतें, आणि त्यासरशी तेथील पेशींची वाफ होऊन जाते. उष्णतेनें बारीक रक्तवाहिन्यांचीं तोंडें मिटतात, म्हणून रक्त फारसें वाहत नाहीं. जागा बधिर करून हें काम कांहीं मिनिटांत उरकतें.

या उपायास आमचा विरोध नाहीं. वांकडे दांत सरळ करून घेण्यास आपण चैन म्हणत नाहीं. मग मनास सलणारा मस काढून घेण्यासच कां म्हणावें? परंतु तत्पूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं पाहिजेत, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

पहिला प्रश्न, तें आहे तरी काय? चेहऱ्यावरील बहुतेक तीळ, मस व चामखिळी निरुपद्रवी असतात. चामखीळ एका विषाणूमुळें होते, आणि मुलांच्या अंगावरील पुष्कळ चामखिळी एक-दोन वर्षांत आपण होऊन नाहींशा होतात. परंतु क्वचित् एखादा कर्करोगही तिळाचा वेष घेऊन येतो. ठिपक्याची एक बाजू दुसरीसारखी नसणें, कडा वेड्यावांकड्या असणें, एकाच ठिपक्यांत अनेक रंग दिसणें, तो सहा मिलिमीटरांहून मोठा असणें, वाढणें, बदलणें किंवा त्यांतून रक्त येणें, हीं सावधगिरीचीं चिन्हें होत. अशा वेळीं तो कापून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावा लागतो. लेसर तर सर्वच जाळून टाकितो. तपासावयास कांहीं उरतच नाहीं. म्हणून आधीं निदान, मग किरण.

दुसरा प्रश्न, यंत्र कोणाच्या हातीं आहे? आपल्या सांवळ्या त्वचेंत रंगद्रव्य अधिक असल्यामुळें उष्णतेच्या जखमेनंतर तेथें काळे डाग पडून महिनेच्या महिने राहूं शकतात. कोणाकोणाचा व्रण फुगून गांठाळही होतो. डोळे झांकल्यावांचून तर चेहऱ्यावर हा किरण टाकूंच नये. तेव्हां हें काम शिकलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचें आहे, सौंदर्यगृहांतील कारागिराचें नव्हे. पुढेंही खपली उकरूं नये, उन्हापासून जपावें, आणि कांहीं मस पुन्हां उगवतात याची मनास तयारी असावी.

तिसरा प्रश्न, इच्छा कोणाची? मूल स्वतः खंतावत असेल, तर त्याचें दुःख क्षुल्लक म्हणून उडवून लावूं नये. परंतु मुलगी आनंदांत असतां, केवळ उद्यां स्थळें पाहावयाचीं म्हणून तिला दवाखान्यांत नेणें आम्हांस मान्य नाहीं. तिला कधीं न बोंचलेला तीळ त्या दिवसापासून बोंचूं लागेल.

आतां दोन शब्द विद्यार्थ्यांकरितां. मुलांनो, त्या मुलीच्या घरीं चुना कालविला गेला, त्यांत मागच्या बांकावरील टोपणनांवाचा वांटा होता. तें नांव घेणारीं मुलें दुष्ट होतीं असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांस ती गंमत वाटली. परंतु गालावरील मस कांहीं मिनिटांत काढणारें यंत्र मनुष्यानें शोधिलें, तरी तसला एक शब्द मनांतून काढून टाकणारें यंत्र त्यास अद्यापि सांपडलेलें नाहीं. तेव्हां तो शब्द ओठांवर येण्यापूर्वींच गिळावा. आणि पालकहो, मुलाचा हात वारंवार गालाकडे जाऊं लागला, तर चुन्याची डबी उघडण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून कारण विचारावें, मग डॉक्टरांकडे न्यावें, आणि एक चिठ्ठी आम्हांसही धाडावी.