पडद्यावरचा चिकन कुर्ता

लखनऊच्या चौकात चिकनच्या दुकानात बसलेली चोखंदळ बाई काय करते? कापड चिमटीत धरते, कुर्ता उलटा करून टाके बघते आणि मग तो अंगाला लावून आरशासमोर उभी राहते. आता या सगळ्याची गरज नाही म्हणतात. आपला फोटो द्यायचा, कुर्ता निवडायचा, की तो पडद्यावर आपल्या अंगात!

आमच्या वहिनींनी राखीपौर्णिमेसाठी असाच एक कुर्ता मागवला. पडद्यावर तो नुसता झुळझुळत होता. हातात आला तो खांद्यात घट्ट आणि खाली पुठ्ठ्यासारखा ताठ. सण जुन्याच साडीवर झाला.

घोटाळा असा की, फोटोवर कपडा चढवणारी बहुतेक सोय म्हणजे एक हुशार चित्रकार असते. तिला तुमची छाती किती इंच हे ठाऊकच नसते. कपडा शोभून दिसेल असे चित्र ती काढते. घट्ट होईल, हे चित्र कशाला सांगेल?

खरे कापड संगणकात उतरवण्याची विद्या वेगळी आहे. तिच्यात कापडाचे हजारो बारीक त्रिकोण करतात. प्रत्येक कोपऱ्याला वजन देतात आणि कोपरे जणू स्प्रिंगांनी जोडतात. मग कापड किती ताणेल, किती वाकेल, अंगावर कुठे टेकेल, याचा क्षणाक्षणाचा हिशेब होतो. 1998 साली डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन या अमेरिकी संशोधकांनी हा हिशेब पुष्कळ वेगाने करण्याची रीत मांडली. त्याआधी, 1970च्या दशकात, जपानच्या सुएओ कावाबातांनी कापडाचा 'हात' मोजणारी यंत्रे बनवली होती. आपली आजी बोटांनी करायची तेच काम!

पण चिकन इथेही दाद देत नाही. मुर्रीचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे उठून दिसतात. बखियात दोरा मागच्या बाजूने फिरतो आणि मलमलमधून त्याची सावली पडते. जाळीत दोरा न कापता वीण बाजूला सारतात. म्हणजे एकाच कुर्त्यात बुटीपाशी कापड जड, तर शेजारी हलके. साध्या मलमलवर भरतकामाचे चित्र चिकटवले, तर ते पडद्यावर झुळझुळणारच.

तरी ही विद्या लखनऊच्या फार उपयोगाची आहे, असे मला वाटते. तिथे अनेकदा कापड आधी बेतून घेतात, मग लाकडी ठशांनी निळी नक्षी छापतात, मग ते भरायला घरोघरी बायकांकडे जाते. शेवटी धुऊन निळा रंग घालवतात. माप चुकल्याचे तेव्हा कळले, तर बुटीवरच कात्री चालवावी लागते. कित्येक दिवसांची मेहनत वाया! तोच बेत आधी संगणकात माणसाच्या मापावर घालून पाहिला, तर बगल कुठे काचते, बुटी शिवणीत कुठे अडकते, हे ठसा मारण्यापूर्वीच कळेल.

त्यासाठी आपली मापेही हवीत. म्हणूनच 'निफ्ट'ने सहा शहरांतल्या पंचवीस हजार भारतीयांची मापे यंत्राने घेण्याचे काम हाती घेतले.

तोवर वहिनींनी एक युक्ती काढली आहे. नीट बसणारा जुना कुर्ता पलंगावर पसरायचा, खांदा, छाती, बाही टेपने मोजायची आणि दुकानाच्या तक्त्याशी ताडायची. शिवाय उलट्या बाजूचा फोटो मागायचा. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने तो दिला नाही. वहिनींनी कुर्ता घेतला नाही.